निळ्या उजेडातलं पिवळं

बुरशीची वाढ मोजायला फूटपट्टी पुरते. पेट्री डिशच्या मधोमध बुरशीचा ठिपका ठेवायचा, रोज ठरल्या वेळी डिश उलटी धरून काटकोनातले दोन व्यास मोजायचे आणि सरासरी वहीत लिहायची. मायक्रोबायोलॉजीच्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याने हे केलेलं असतं. बुरशी साधारण गोल पसरते आणि एकदा गेली तिथून माघारी येत नाही, म्हणून ही पद्धत चालते. फिजारम पॉलिसेफॅलम नावाच्या पिवळ्या स्लाइम मोल्डला यातलं काहीच लागू पडत नाही. तो एका बाजूने पसरतो, दुसऱ्या बाजूने अंग काढून घेतो, मध्येच एखादी फांदी टाकून देतो. सकाळी डिशच्या डाव्या काठाला असलेला जीव रात्री उजव्या काठाला पोचलेला असतो आणि मधली जागा मोकळी. आता व्यास कशाचा घ्यायचा?

माझं पोटापाण्याचं काम कॅमेऱ्याचं. चाकणच्या पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये लाइनवरून जाणाऱ्या नगांचे फोटो घेऊन त्यातला डाग, बुजलेलं भोक, निघालेला कोपरा पकडणाऱ्या यंत्रणा आम्ही बसवतो. तिथे प्रत्येक नगाचं ड्रॉइंग असतं, टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक ठरलेला असतो, आणि नग पास तरी होतो नाहीतर रिजेक्ट तरी. कॉलेजात शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने गाळणकागदावर वाळवलेला फिजारम आणून दिला आणि म्हणाली, ‘तुमच्यात फोटोवरून सगळं मोजतात ना, मग याची वाढ मोजून दे मला.’ तेव्हापासून घरातल्या एका कपाटाचा खालचा खण या जिवाकडे आहे आणि माझ्या बऱ्याच संध्याकाळी त्या खणाकडे.

कागदावर असतो तेव्हा तो जिवंत आहे हे खरं वाटत नाही. नारिंगीकडे झुकणारं पिवळं, ठिसूळ कवच. नखाने खरवडलं तर भुगा होईल. याला स्क्लेरोशियम म्हणतात. ओल संपली, अन्न संपलं की फिजारम असा वाळून बसतो आणि महिनोन्‌महिने तग धरतो. कागदाचा तुकडा साध्या आगरवर, म्हणजे डिशमधल्या जेलीसारख्या थरावर ठेवला, वर दोन थेंब पाणी सोडलं, डिश अंधारात ठेवली की काही तासांत कागदाच्या कडेने पिवळी ओल फुटते. पुढे तिला धार येते, त्या धारेमागे बारीक शिरांचं जाळं तयार होतं. ओट्सचा एक दाणा जवळ ठेवला तर जाळं त्याच्यावर चढतं, त्याला पूर्ण झाकतं आणि तिथूनच पुढच्या शिरा सोडतं.

हा सगळा पसारा एकच पेशी असते. तळहाताएवढा फिजारम असला तरी आत भिंती नाहीत. एकाच पटलाच्या आत असंख्य केंद्रकं वाहत असतात. नावात मोल्ड असलं तरी त्याचं नातं बुरशीपेक्षा अमिबाशी जवळचं. आणि ही सगळी केंद्रकं जवळजवळ एकाच वेळी दुभंगतात, साधारण दर आठ ते दहा तासांनी. याच गुणामुळे विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरोल्ड रश यांच्या प्रयोगशाळेने विसाव्या शतकाच्या मध्यावर पेशीविभाजन अभ्यासायला फिजारम हाताशी धरला. जीवशास्त्राच्या काटेकोर अर्थाने वाढ म्हणायची तर ही. माझ्या फोटोत केंद्रकं दिसत नाहीत. फोटोत दिसतो तो फक्त पिवळा रंग.

आणि या पिवळ्यातच पहिली युक्ती दडलेली आहे. रंगीत डिजिटल फोटोत प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात; एका रंगाच्या सगळ्या आकड्यांचं मिळून जे चित्र होतं ती त्या रंगाची वाहिनी. पिवळी वस्तू लाल आणि हिरवा उजेड परत पाठवते आणि निळा गिळते. त्यामुळे पांढुरक्या आगरवरचा फिजारम लाल वाहिनीत बघितला तर पार्श्वभूमीत विरघळून जातो, हिरव्या वाहिनीत पुसट दिसतो, आणि निळ्या वाहिनीत एकदम शाईने काढल्यासारखा काळा उठून येतो. इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर उघडायचं, फोटोच्या वाहिन्या वेगळ्या करायच्या, निळी ठेवायची आणि बाकीच्या दोन बंद करायच्या. अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये वेन रॅसबंड यांनी हे सॉफ्टवेअर लिहिलं आणि जगभरच्या जीवशास्त्राला फुकट दिलं. माझ्या धंद्यातली महागडी लायसन्सं बघितलेल्या माणसाला या गोष्टीचं मोल विशेष कळतं. निळी वाहिनी पहिल्यांदा वेगळी केली तेव्हा फोटोत नुसत्या डोळ्यांना न दिसलेल्या केसाएवढ्या शिरा समोर आल्या आणि मी बराच वेळ पुढचं काही न करता त्याच बघत बसले.

अडचण अशी की ज्या निळ्या उजेडात फिजारम सगळ्यात स्वच्छ दिसतो तोच त्याला सोसत नाही. निळ्या आणि अतिनील उजेडापासून तो अंग चोरतो. म्हणजे फोटोसाठी दिवा लावला की ज्याची वाढ मोजायची तो जीव त्या दिव्यामुळेच वाट बदलतो. जपानी संशोधकांनी ही खोड उलट कामाला लावली. टोकियोच्या आसपासच्या शहरांच्या जागी 36 ठिकाणी अन्न ठेवून त्यांनी टोकियोच्या जागी फिजारम सोडला, आणि डोंगर, तळी, समुद्र दाखवायला त्या त्या भागावर उजेड टाकला. साधारण 26 तासांत त्याने जे जाळं विणलं ते तिथल्या रेल्वेच्या जाळ्याच्या तोडीचं होतं. हे काम 2010 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. त्याआधी 2000 मध्ये तोशियुकी नाकागाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिजारमने भरलेल्या चक्रव्यूहाच्या दोन टोकांना ओट्स ठेवले होते. बंद गल्ल्यांमधून तो मागे सरकला आणि शेवटी सगळ्यात जवळच्या वाटेवरची एक जाड शीर तेवढी उरली.

या प्रयोगांची बातमी होते तेव्हा ‘बिनमेंदूचा जीव रेल्वे आखतो’ एवढंच लोकांपर्यंत पोचतं. मला त्यातला मोजणीचा भाग जास्त भावतो. तोडीचं म्हणजे काय, हे त्यांनी आधी ठरवलं. फोटोतल्या जाळ्याचे बिंदू आणि रेषा केल्या, आणि तीन गोष्टी काढल्या: सगळ्या रेषांची मिळून लांबी किती, एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला सरासरी किती अंतर पडतं, आणि एखादा दुवा तुटला तर जाळं एकसंध राहतं का. रेल्वेला आणि फिजारमला एकच माप लावलं, म्हणून तुलनेला अर्थ आला.

दिव्याचा प्रश्न मी तडजोडीने सोडवला. डिश काळ्या खोक्यात, खालून दुधी ॲक्रिलिकमधून येणारा मंद उजेड, आणि तो फक्त फोटोच्या क्षणापुरता. मोबाइलचं आपोआप रंग जुळवणं आणि आपोआप एक्स्पोजर दोन्ही बंद; नाहीतर जसजसा फिजारम पसरतो तसतसा फोन आपल्या मनाने सगळं चित्र उजळत नेतो. पूर्ण लाल उजेडात काम करावं तर निळी वाहिनी रिकामी राहते. शिवाय लाल उजेडसुद्धा त्याला अगदीच निरुपद्रवी नाही. उपाशी ठेवलेला फिजारम लाल पट्ट्याच्या पार टोकाकडच्या उजेडाने बीजाणू धरायला लागतो. त्याला न कळता त्याच्याकडे बघता येईल असा रंग नाही. म्हणून मी आता आकड्यांच्या शेजारी दिवा किती वेळ लागला तेही लिहिते.

फोटो झाले की उंबरठा ठरवायचा. निळ्या वाहिनीत प्रत्येक बिंदूला शून्य ते 255 मधला एक आकडा मिळतो. कोणत्या आकड्याखालचं सगळं फिजारम मानायचं? जपानच्याच नोबुयुकी ओत्सू यांनी 1979 मध्ये यावर एक सुरेख रीत मांडली: सगळ्या बिंदूंचे दोन गट असे पाडायचे की गटाच्या आतला फरक कमीत कमी राहील आणि दोन गटांमधला जास्तीत जास्त. कारखान्यातल्या लोखंडी नगाला ही रीत डोळे मिटून लावावी. फिजारम मात्र दोन गटांत बसत नाही. जाड शिरा गडद, पुढची धार मध्यम, मधला पातळ पडदा जवळजवळ आगरच्याच रंगाचा. सुरुवातीच्या फोटोंत पिवळं इतकं कमी असतं की ओत्सूची रीत आगरवरच्या सावलीलाच दुसरा गट ठरवते. आणि ओट्सचे दाणे! त्यांचा रंगही पिवळसरच. उंबरठा जरा सैल केला की दाणे वाढीत मोजले जातात, आवळला की पातळ पडदा गायब होतो. माझा तोडगा साधा आहे. फिजारम सोडण्याआधी त्याच डिशचा दाण्यांसकट कोरा फोटो घ्यायचा आणि पुढच्या प्रत्येक फोटोतून तो वजा करायचा. उंबरठा एका वेगळ्या डिशवर ठरवायचा आणि मग सगळ्या मालिकेला तोच लावायचा, आलेख कसाही येवो. हे दुसरं मी कुणालाही निक्षून सांगेन. प्रत्येक फोटोला नजरेने ‘बरोबर दिसतंय’ तिथे उंबरठा सरकवला की हवा तो आलेख मिळतोच.

आता क्षेत्रफळ हाती आलं. पण क्षेत्रफळ वाढलं म्हणजे फिजारम वाढला का? घावनाचं पीठ तेवढंच असतं, तव्यावर पातळ ओतलं की मोठं दिसतं आणि जाड ओतलं की लहान. साध्या आगरवर, अन्नाचा कण नसताना, फिजारम पसरतच जातो. त्याचा आलेख तासन्‌तास चढता येतो आणि पदार्थ मात्र काडीनेही वाढलेला नसतो. उलट ओट्सवर बसून जेवताना तो गोळा होतो, आलेख सपाट पडतो किंवा उतरतो, आणि खरी वाढ नेमकी तेव्हा चाललेली असते. हे कळल्यावर मी जाडीच्या मागे लागले. खालून येणारा निळा उजेड फिजारममधून जाताना जितका गिळला जाईल तितका थर जाड, असं ढोबळमानाने धरता येतं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत द्रावणाचा दाटपणा काढतात तोच नियम. कोऱ्या फोटोतल्या आकड्याला आत्ताच्या फोटोतल्या आकड्याने भागायचं, लॉगॅरिदम घ्यायचा आणि सगळ्या बिंदूंची बेरीज करायची. ती बेरीज क्षेत्रफळापेक्षा कितीतरी अधिक इमानाने वागते. फार जाड शिरांपाशी उजेड जवळजवळ पोचतच नाही, तिथे ती कमी भरते. पण पसरणं आणि वाढणं वेगळं करायला एवढी पुरते. एकाच डिशचे हे दोन आलेख एकाखाली एक ठेवले की कुठे तो शोधत होता आणि कुठे जेवत होता हे सरळ वाचता येतं.

अजून एक गोष्ट फोटोत सतत आडवी येते. फिजारम जिथून जातो तिथे पारदर्शक चिकटा सोडून जातो. तिरप्या उजेडात तो लख्ख दिसतो, जुन्या शिरांचा पूर्ण नकाशा. उंबरठा सैल असेल तर सॉफ्टवेअर तोही मोजतं. मैत्रिणीचं म्हणणं, तो टाकून दिलेला आहे, वजा कर. मला ते तितकं सरळ वाटेना. क्रिस रीड, तान्या लॅटी, ओद्रे द्युसुतूर आणि मॅडलीन बीकमन यांनी 2012 मध्ये दाखवलं की फिजारम हा चिकटा ओळखतो आणि टाळतो. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या सापळ्यापलीकडे अन्न ठेवलं तेव्हा कोऱ्या आगरवर 96 टक्के फिजारम तिथवर पोचले. जिथे आधीच सगळीकडे चिकटा पसरून ठेवला होता तिथे फक्त 33 टक्के. आपण कुठे जाऊन आलो याची नोंद तो जमिनीवर ठेवतो आणि तिच्यावरून पुढची पावलं ठरवतो. मग ती नोंद शरीराबाहेरची म्हणून काढून टाकायची का? मी दोन रकाने ठेवले आहेत, एक पिवळ्याचा, एक चिकट्याचा. दुसऱ्यासाठी दिवा तिरपा करून वेगळा फोटो काढावा लागतो आणि तो उजेडाचा खर्च मी आनंदाने करते, कारण फिजारमने आजवर किती मुलूख बघितला ते त्या रकान्याइतकं कशातच कळत नाही.

परिघाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात मी फार रमले नाही. जितका बारकाईने मोजाल तितका तो वाढत जातो. भारताचा समुद्रकिनारा 7,516 किलोमीटर असं आपण शाळेत पाठ केलं. अलीकडे जास्त बारीक नकाशांवरून मोजल्यावर तो 11,098 किलोमीटर भरला. किनारा होता तिथेच आहे. फिजारमचा परीघ लिहायचा तर एका बिंदूत किती मिलिमीटर हे शेजारी लिहिल्याशिवाय तो आकडा कुणाच्या उपयोगाचा नाही.

माझं मन सगळ्यात जास्त गुंतलं ते नाडीत. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एक शीर धरली की आतला द्रव दाण्यांसकट एका दिशेला धावताना दिसतो, सेकंदाला एक मिलिमीटरपर्यंतच्या वेगाने. मग तो मंदावतो. थांबतो. दाणे क्षणभर जागच्या जागी थरथरतात आणि उलट दिशेने निघतात. हे एक-दोन मिनिटांच्या लयीत अखंड चालू असतं. शिरेची भिंत आवळते, सैल होते आणि द्रव इकडून तिकडे ढकलला जातो. ज्या शिरेतून जास्त प्रवाह जातो ती जाड होत जाते, बाकीच्या झिजून जातात. चक्रव्यूहातली ती एक वाट अशीच उरली होती.

1940 मध्ये, डिजिटल कॅमेरा कुणाच्या स्वप्नातही नसताना, नोबुरो कामिया यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात विल्यम सायफ्रिझ यांच्या प्रयोगशाळेत या नाडीचं बळ मोजलं. फिजारमचा एक भाग एका कप्प्यात, दुसरा भाग शेजारच्या कप्प्यात, मध्ये दोघांना जोडणारी एकच शीर. एका कप्प्यातला हवेचा दाब क्षणाक्षणाला कमीजास्त करत राहायचा, इतका की शिरेतला प्रवाह जागच्या जागी थांबून राहील. थांबवायला लागलेला दाब म्हणजेच त्या क्षणीचा फिजारमचा जोर. कागदावर उतरल्या त्या लाटा. एक माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून, हात दाबाच्या चावीवर ठेवून, एका पेशीशी बरोबरीचा जोर लावत बसला आहे, हे चित्र मी मनातून काढू शकत नाही. मोजणाऱ्याचं इतकं लक्ष ज्याला मिळालं असे जीव थोडेच असतील.

आज आपल्या हाती त्यासाठी कायमोग्राफ आहे. शिरेच्या आडवी एक रेष ठरवायची, व्हिडिओच्या प्रत्येक चौकटीतून तेवढीच रेष कापून घ्यायची आणि त्या सगळ्या रेषा क्रमाने एकाखाली एक लावायच्या. जे चित्र तयार होतं त्यात वरून खाली काळ वाहतो, आणि शिरेच्या दोन कडा जवळ येताना, लांब जाताना दिसतात. पहिला स्वच्छ कायमोग्राफ मिळाला तो ओट्सचा दाणा नुकताच सापडलेल्या शिरेचा. वरच्या भागात कडा जेमतेम हलत होत्या. दाण्याला स्पर्श झाला तिथून लाटा ठळक झाल्या आणि शीर हळूहळू रुंदावत गेली. इथे एक खबरदारी मात्र हवी. वाढीसाठी पाच मिनिटांनी एक फोटो घेतात. दीड मिनिटाच्या लयीला तो अजिबात चालत नाही. त्या फोटोंवरून शिरेची रुंदी मांडली तर मुळात नसलेलीच एक संथ लाट आलेखात उमटते, आणि ती इतकी देखणी असते की तिच्यावर विश्वास बसतो. नाडी बघायची तर दर काही सेकंदांना चौकट हवी. तेवढा उजेड त्याला सोसणार नाही, म्हणून नाडी मी मंद पिवळसर उजेडात आणि थोडाच वेळ टिपते. पडदा त्यात दिसत नाही, शिरेच्या कडा दिसतात, तेवढ्याच लागतात.

अशी मोजणी घरी होते का, असं विचारणाऱ्यांना मी फ्रान्सकडे बोट दाखवते. तुलूझच्या ओद्रे द्युसुतूर यांनी 2022 मध्ये हजारो स्वयंसेवकांना फिजारम पाठवून वाढत्या तापमानाचा त्याच्यावर काय परिणाम होतो ते घरोघरी तपासायला लावलं. त्याच्या आदल्या वर्षी थोमा पेस्के या अंतराळवीराने अंतराळ स्थानकात फिजारमवर प्रयोग केले होते आणि फ्रान्समधल्या शाळकरी मुलांनी तेच प्रयोग वर्गात केले होते. लोकांच्या हाती विज्ञान असं सोपवणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडच्या शाळांमध्ये हे सहज होण्यासारखं आहे. आगर, ओट्स, पेट्री डिश आणि मोबाइल, याहून जास्त काही लागत नाही. जास्त लागतो तो खण बंद ठेवण्याचा संयम.

आपल्याकडे तर पावसाळ्यात स्लाइम मोल्ड बोलावल्याशिवाय येतात. कुंडीतल्या नारळाच्या शेंड्यांवर, सोसायटीच्या बागेत टाकलेल्या पालापाचोळ्यावर, कुजक्या ओंडक्यावर एका रात्रीत पिवळा फेस उगवतो. बहुतेकदा तो फुलिगो सेप्टिका असतो. लोक घाबरून त्यावर औषध मारतात. झाडांना त्याचा काही उपद्रव नाही. तो कुजत्या पाल्यातले जीवाणू आणि बीजाणू खातो, दिवस-दोन दिवसांत वरून कोरडा होतो आणि आत काळपट बीजाणूंची पूड धरतो. त्याची खोक्यातल्यासारखी मोजणी होणार नाही. ऊन, ढग, झाडांच्या सावल्या, पाल्याचाच पिवळा रंग, सगळं निळ्या वाहिनीच्या विरुद्ध. तरी यंदा जूनपासून मी आमच्या बागेतल्या पाचोळ्यावर प्रयत्न करणार आहे: फोटोत प्रत्येक वेळी एक पट्टी आणि उजेड ताडायला एक राखाडी कार्ड, वर छत्रीची सावली, फोन तिपाईवर सरळ खाली बघणारा, आणि आदल्या रात्री पाऊस किती झाला त्याची नोंद. तुमच्या कुंडीत तो दिसला तर औषध मारू नका, आणि फोटो काढाल तर शेजारी पट्टी ठेवून, दर तासाला, त्याच जागेवरून काढा.